सुट्टीतली मुले आणि आपली नजर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. दर वर्षी वर्धापनदिनाला मी आत फराळाच्या ताटांपाशी असते, तीच माझी जागा. यंदा चिटणीस बाईंनी फारच धरले. म्हणाल्या, "दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. मुलांच्या काळजीविषयी तुम्ही बोला. दुसरे काही सुचले नाही तर ती विहिरीची हकिगत सांगा." आमच्या गल्लीतल्या काही जणींना ती अर्धीमुर्धी ठाऊक आहे. आज सगळी सांगते. अर्धी सांगितली की चूक मुलाची वाटते, आणि चूक माझी होती.

माझे माहेर मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठी. सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही सगळ्या बहिणी तिथे जमलो होतो. भाऊबीजेचा दिवस. घरात मोठी माणसे अकरा आणि पोरे नऊ. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. आदल्या उन्हाळ्यात मामाने पाठीला भोपळा बांधून त्याला आमच्याच विहिरीत पोहायला घातले होते. उन्हाळ्यात त्या विहिरीला वीस-बावीस पायऱ्या उतरून मग पाणी लागते, आणि तेही गड्याच्या छातीएवढे. पाच-सहा दिवस हातपाय मारल्यावर पोराला वाटले, आपल्याला पोहता येते. मलाही तसेच वाटले, आणि सोलापुरात येऊन मी ते चार जणींना कौतुकाने सांगितलेही.

सकाळी अंगणातून पोरे बाहेर पडताना मी चुलीपुढूनच ओरडले, "विहिरीकडं जायचं नाही बरं का!" एवढे बोलून माझे कर्तव्य झाले. पुरण वाटायचे होते.

पोरे अर्थातच विहिरीकडे गेली. तिथे माझी वहिनी सणाची धुणी घेऊन बसली होती. पोरे आलेली पाहून तिला वाटले, वन्संनीच पाठवली असतील. भाऊ समजला, पोरे बायकांच्या नजरेखाली आहेत. आई समजली, देवळात गेली असतील. मी समजले, अंगणात आहेत. अकरा माणसे घरात, आणि एकाचीही नजर मुलांवर नाही! एकटी घरी असते तर दर दहा मिनिटांनी मी हाक मारली असती. भरल्या घरात प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाहत असेल.

पावसाळ्याने विहीर भरली होती. अवघ्या चार पायऱ्यांवर पाणी. माझ्या मुलाने पळत येऊन मुटका मारला. वर आला तो पायाखाली तळ नाही, पाठीला भोपळा नाही, आणि पाणी थंडगार.

भगिनींनो, यापुढचे नीट ऐका. माझे पोर ओरडले नाही. नाटकसिनेमात बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा" म्हणतो. खरे बुडणारे लेकरू काही बोलत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर राहत नाही, तर ओरडणार कसे? वहिनी सांगते, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीला, आणि दोन्ही हात शिडी चढल्यासारखे पाण्यावर आपटत होते. आधी तिला वाटले, खेळतोय. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा त्याचे डोळे दिसले, आणि तिला कळले.

वहिनीला पोहता येत नाही. तिने उडी मारली असती तर त्या दिवशी आमच्या घरातून दोघे गेले असते. देवाने तिला बुद्धी दिली. धुण्यात आईचे नऊवारी लुगडे होते. ते पिळलेले तसेच उचलून ती पायरीवर पालथी पडली, पाय मोटारीच्या पाइपात अडकवला आणि पदर फेकला. पहिल्यांदा तो अलीकडेच पडला. दुसऱ्यांदा पोराच्या हाताला लागला. पाचवारी असते तर पोचले नसते, असे आई अजून म्हणते. माझ्या पाचवारीवर तिचा तसाही राग आहेच.

घरी आणल्यावर एक म्हातारबुवा म्हणाले, "उलटा धरून गरगर फिरवा, पोटातलं पाणी पडंल." सगळे तयारही झाले होते. भाऊ मात्र त्याला गाडीवर घालून मोहोळला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितले ते आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुलाला उलटे टांगू नये, फिरवू नये, पोट दाबू नये. पोटातले अन्न वर येऊन श्वासात अडकते. मूल श्वास घेत नसेल तर सपाट जागी उताणे निजवून तोंडाने तोंडात श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दाबत राहायचे, आणि कोणीतरी १०८ ला फोन करायचा. मूल बोलत असले, हसत असले, तरी दवाखान्यात न्यायचेच. फुप्फुसात पाणी गेले असेल तर त्रास काही तासांनीही होतो. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हे नुसते ऐकून येत नाही, कोणाकडून तरी हाताने शिकावे लागते. मी शिकले.

आता माझी लाज सांगते. पोर दवाखान्यातून आले, तेव्हा मी आधी त्याला दोन चापट्या मारल्या आणि मग पोटाशी धरले. "तुला सांगितलं होतं ना, जायचं नाही म्हणून?" तो हुंदके देत म्हणाला, "जाऊ नको म्हणालीस. पण पाणी एवढं वर आलंय ते कुठं सांगितलंस?"

त्यावर मला उत्तर सुचले नाही.

"जाऊ नको" हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. पतंगाला जाऊ नको, तळ्यावर जाऊ नको, फटाक्याच्या जवळ जाऊ नको. मुलांच्या कानाला तो कुकरच्या शिट्टीसारखा सवयीचा होतो. कशासाठी नको, हे सांगायला दोन मिनिटे जास्त लागतात, म्हणून आपण सांगत नाही. उन्हाळ्याची विहीर आणि दिवाळीची विहीर ही एकच विहीर नव्हे, हे मी त्याला सांगितले असते, तर तो थांबलाच असता असे मी म्हणत नाही. पण काठावर उभा राहून त्याने एकदा खाली पाहिले असते. आणि जिथे पूर येऊन गेला असेल, जसा २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या सीनेला आला, तिथे काठही भुसभुशीत होतात, तळाला गाळ येतो. गेल्या वर्षीची ओळखीची जागा ओळखीची राहत नाही.

हे माझ्या एकटीचे दुखणे नाही. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक तिशीच्या आतली होती, असे जागतिक आरोग्य संघटनेने मोजले आहे. जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या बाळांचा! आणि दूर कशाला जायचे? ज्या उजनीचे पाणी आपण सोलापूरकर पितो, त्याच उजनीत २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात माणसांपैकी एक पोहत काठाला लागले. सहा गेली. त्यांत एकाच घरातले आईबाप आणि त्यांची दोन लहान लेकरे. त्या माउलीला मी बोल लावत नाही. नेहमीच्या वाटेने आपणही असेच बसतो. पण तेव्हापासून मी कुठेही बोटीत बसायचे तर आधी आभाळ पाहते आणि अंगात घालायचे जाकीट मागते. नाही मिळाले तर उतरते. लोक हसतात, हसू देत.

माझ्या आईने त्या भाऊबीजेनंतर एक रीत घातली. पोरे जमली की घराच्या किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला, त्याची नजर पोरांवर. त्याने दुसरे काम करायचे नाही, फोन पाहायचा नाही. तासाभराने जुडगा दुसऱ्याला द्यायचा आणि देताना पोरे मोठ्याने मोजायची. पुरुषांचीही पाळी असते. पहिल्या वर्षी माझ्या मेहुण्यांनी कुरकूर केली. आईने जुडगा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आत निघून गेली.

फटाक्यांचे थोडक्यात सांगते, कारण ते आपल्याला ठाऊक असूनही आपण करत नाही. सुती कपडे, जवळ पाण्याची बादली, आणि न उडालेल्या फटाक्याकडे परत जायचे नाही. भाजले तर वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरायचे; टूथपेस्ट लावायची नाही, शाई लावायची नाही.

आता मुलीची गोष्ट. हीच जास्त अवघड होती.

ती आठवीत असताना शाळेतून एक पत्रक घेऊन आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सह्याद्रीत साहसी शिबिर. कडा उतरणे, दोरावरून दरी ओलांडणे, रात्री तंबूत झोपणे. पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. मी नाही म्हटले. घरातल्या पुरुषांनी "मुलीची जात" वगैरे म्हटले. पोरगी रडली नाही. म्हणाली, "दादा बुडता बुडता वाचला, तर पुढच्या उन्हाळ्यात तू त्याला पोहण्याच्या तलावावर नीट शिकायला घातलंस. मी काही न करता मला घरात ठेवतेस."

मी त्या आयोजकांना फोन लावला. किती मुलांमागे एक शिकवणारा? तो कुठे शिकला? मुलींसोबत रात्री बाई कोण? जवळचा दवाखाना किती लांब, आणि न्यायला गाडी तळावर उभी असते का? पलीकडून उत्तर आले, "ताई, तुम्ही काही काळजी करू नका. आजवर काही झालेलं नाही." भगिनींनो, या उत्तराची मला फार भीती वाटली. भाऊबीजेच्या सकाळी आमच्या घरातल्या अकराही माणसांनी हेच सांगितले असते. मी पैसे भरले नाहीत. पोरगी दोन दिवस जेवली नाही, तेही सोसले.

मग मी चौकशी करत बसले. २००६ साली पुण्याचा एक तरुण अशाच सहलीला हिमाचलात गेला असता दगावला. त्याच्या आईवडिलांनी आपले दुःख घरात ठेवले नाही; मुंबईच्या उच्च न्यायालयात दाद मागितली, वर्षानुवर्षे. त्यातून सरकारला नियम करणे भाग पडले, आणि २०२१ साली राज्याचे साहसी पर्यटनाचे धोरण आले. जमीन, पाणी, हवा, कुठलेही साहसी खेळ चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तेव्हा नोंदणीचा कागद मागणे हा काही आगाऊपणा नव्हे. कोणा आईबापांनी तो हक्क आपल्याला मिळवून दिला आहे.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेकडे विचारले, तर मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मला विचारले: मुलीला दम्याचा त्रास आहे का, फिट येते का, कुठले औषध चालत नाही, पोहता येते का? शिकवणाऱ्यांपैकी दोघे उत्तरकाशीच्या पर्वतारोहण संस्थेत शिकलेले होते, आणि मुलींच्या तंबूसाठी एक बाई नेमलेल्या होत्या, त्यांचे नाव त्यांनी आधीच कळवले. आपल्या सोलापुरी उन्हात बेचाळीस अंशावर वाढलेली पोर असली तरी डोंगरावर पाणी किती प्यायचे, हेसुद्धा कागदावर लिहून दिले. मी तिला पाठवली. जाण्यापूर्वी एक गोष्ट मी दार लावून तिला स्पष्ट सांगितली, आणि ती मुलग्यांनाही सांगावी: मोठ्या माणसाचा स्पर्श नकोसा वाटला, मग तो शिकवणारा असो की नात्यातला, तर मोठ्याने नाही म्हणायचे, तिथून निघायचे आणि मला सांगायचे, मी तुला रागावणार नाही. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, तोही पाठ करून घेतला.

त्या सहा रात्री मला झोप लागली नाही, हे खोटे कशाला सांगू? आपल्या या सपाट मुलखातून आनंद बनसोडे २०१२ साली एव्हरेस्टवर जाऊन आले. त्यांच्या आईने किती रात्री काढल्या असतील, असे मनात यायचे.

पोरगी परत आली ती उन्हाने काळी पडून आणि दोन्ही गुडघे खरचटवून. आता ती गच्चीवरची कपड्यांची दोरी अशी बांधते की मला ती सोडता येत नाही. त्यांतली एक गाठ बोलाइन नावाची आहे. बुडणाऱ्याच्या अंगाभोवती टाकली तर घट्ट राहते पण आवळत नाही, आणि एका हातानेही बांधता येते. लुगड्याच्या पदराला ती बसते की नाही, हे आम्ही दोघींनी घरी करून पाहिले. बसते.

चिटणीस बाईंच्या परवानगीने सांगते, येत्या मंगळवारच्या बैठकीत माझी मुलगी ती गाठ सर्वांना शिकवणार आहे. दिवाळीला गावी जाणाऱ्या भगिनींनी अवश्य यावे, आणि येताना घरातले एखादे जुने लुगडे घेऊन यावे. नऊवारी असेल तर फारच बरे.