हाडांची रक्ततपासणी उपाशीपोटी का?

दिवाळीआधी भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडायचे आणि नवं लिंपण द्यायचं, सिमेंटची घरं झाली तरी हे आपल्या हातांना आठवतं. आपली हाडंही अशीच. दिसायला टणक, पण आत खरवडणं आणि लिंपणं जन्मभर चालू असतं. वर्षाला साधारण दहावा हिस्सा नवा होतो. पाळी गेली की खरवडणं वाढतं, लिंपण मागे पडतं आणि हाड विरळ होतं. मग अंगणात नुसता पाय घसरला तरी मनगट मोडतं.

खरवडताना हाडातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे रक्तात येतात. ते मोजणारी तपासणी म्हणजे सीटीएक्स. नव्या लिंपणाचे शिंतोडे मोजणारी दुसरी, पी१एनपी. पण हाड किती विरळ झालंय, हे या दोन्ही सांगत नाहीत. त्याला डेक्सा लागतो. म्हणून शिबिरात कुणी ‘हाडांचं पॅकेज’ पुढे केलं, तर पैसे काढण्याआधी विचारा, कशासाठी?

मग उपयोग कुठे? आमच्या गटात दोघींना आठवड्याला एक अशी हाडांची गोळी चालू आहे. दुखणं थांबेना म्हणून एकीनं दोन महिन्यांत ती सोडून दिली. अहो, ती दुखण्याची गोळीच नव्हे! डेक्सात फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात, तेवढा धीर कुणाला? सीटीएक्सचा आकडा मात्र तीन ते सहा महिन्यांत उतरतो. त्यासाठी गोळी सुरू करण्याआधीचा आकडा हवा, नाहीतर ताडून कशाशी बघणार? आकडा उतरला नाही, तर डॉक्टर आधी हेच विचारतात, गोळी नेमानं घेता का? चहाबरोबर तर घेत नाही ना? ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा तास खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही.

रक्त द्यायलाही उपाशीच जायचं, कारण जेवल्यावर सीटीएक्सचा आकडा खाली येतो आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. दोन्ही खेपेला सकाळची तीच वेळ आणि शक्यतो तीच लॅब ठेवा. हाड नुकतंच मोडलं असेल किंवा किडनीचा आजार असेल, तर आधीच सांगा. मोडलेलं हाड जुळताना आकडे कित्येक महिने चढलेले राहतात. पहिल्या एसटीनं तालुक्याला निघा. भाकरी फडक्यात बांधून घ्या, पण रक्त दिल्यावरच सोडा.