कोर्स काढायचा, पण कशाचा?

चंद्रपूर-गडचिरोलीकडची शिकलेली मुलंमुली भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. हातात फोन आहे, शिकवायची हौस आहे, ऑनलाइन कोर्स काढावा म्हणतो. कोणता विषय घेतला तर चार पैसे सुटतील? आणि उत्तरही बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं. पोलीस भरती, वनरक्षक भरती, तलाठी, नाहीतर इंग्रजी संभाषण.

हे विषय टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. भरतीची जाहिरात निघाली की आपल्याकडे घरंच्या घरं तिच्याकडे डोळे लावून बसतात. पण या विषयांत पुण्या-मुंबईचे मोठमोठे क्लास कधीच उतरले आहेत. त्यांच्याकडे स्टुडिओ आहेत, जाहिरातीचा पैसा आहे. यूट्यूबवर त्यातलं पुष्कळसं फुकट पडलेलं आहे. विद्यापीठाच्या दर्जाचं काही हवं असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७पासून विनामूल्य शिकता येतं. कोरची किंवा सिरोंच्यातल्या एकट्या शिक्षकानं तिथे वेगळं काय द्यायचं? शिवाय तुमच्या कोर्सची फी भरणार कोण, तर ज्याला अजून नोकरी लागलेली नाही असा मुलगा. त्याच्या रिचार्जच्या पैशांवर आपला धंदा उभा राहावा हे मला पटत नाही, आणि तो फार दिवस टिकतही नाही.

माझं म्हणणं असं आहे की विषय शोधायला बाहेर जाऊ नये. आपल्या या दोन जिल्ह्यांत कोणाचं, कोणत्या माहितीवाचून, दरवर्षी नुकसान होतं, ते आधी पाहावं. जिथे नुकसान होतं तिथे ते टाळण्यासाठी पैसे द्यायची तयारीही असते.

तेंदूपत्ताच घ्या. मे महिन्यातला पंधरा-वीस दिवसांचा हंगाम. पहाटे जंगलात जायचं, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक गोणी, त्या हिशेबानं भाव. पूर्वी लिलाव वनखातं करायचं. पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांच्या बळावर गेल्या दहा-बारा वर्षांत गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा आपली पानं स्वतः विकू लागल्या. ही फार मोठी गोष्ट घडली आहे. पण तिच्याबरोबर कागदही आले. नोटीस काढायची, निविदा वाचायच्या, अनामत घ्यायची, कंत्राटदाराशी करार करायचा, फळीवरची वही ठेवायची, वाहतुकीचा पास द्यायचा, बोनस वाटायचा, शेवटी लेखापरीक्षण करून घ्यायचं. हे सगळं कोण करतं? गावातला बारावी झालेला एखादा मुलगा, ज्याला ग्रामसभेनं सचिव नेमलेलं असतं. करारात पैसे कधी द्यायचे याची तारीख लिहायची राहून गेली, तर पानं जातात गोदामात आणि मजुरी जाते पुढच्या वर्षावर.

या मुलाला नेमकं हेच शिकवणारा कोर्स हवा. नोटिशीपासून हिशेबापर्यंत, नमुन्याच्या कागदांसह, मराठीत. आणि फी त्या मुलानं भरायची नाही, ग्रामसभेनं भरायची. समजा पन्नास ग्रामसभांनी प्रत्येकी दोन हजार रुपये दिले, तर लाख रुपये होतात. एका ग्रामसभेच्या हंगामी उलाढालीपुढे दोन हजार ही रक्कम काहीच नाही, पण तेच पन्नास बेरोजगार मुलांकडून घ्यायला गेलात तर निम्मेही मिळणार नाहीत. आपल्या भागात पैसा एकेकट्याच्या खिशात कमी आणि गटाच्या खात्यात जास्त असतो : ग्रामसभा, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, मच्छीमार सोसायटी. विषय निवडताना हे धरून चाललं पाहिजे. कोणत्या गटाची कोणती अडचण आपण सोडवतो आहोत, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो विषय अजून पिकलेला नाही.

शिकण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं ती कित्येक वर्षं आधी घालून दिली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं अभ्यासगट चालवले. गावापुढे जो प्रश्न उभा असेल तोच त्या वेळचा विषय. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून तो समजून घ्यायचे. निर्णय मात्र अभ्यासगटात होत नसे, तो ग्रामसभेत सर्वसहमतीनं व्हायचा. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्काच्या आधी अभ्यास झालेला होता, म्हणून तो हक्क वापरता आला. फोनवरून शिकवणाऱ्यानं मेंढ्याकडून हेच घ्यावं. अभ्यासक्रम आपण ठरवून गावावर लादू नये, गावाच्या पुढ्यात जे आलेलं आहे त्यावर बसावं.

दुसरं उदाहरण ‘सर्च’ संस्थेचं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९९५पासून ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचं काम केलं, ते आपण सगळे अभिमानानं सांगतो. मला त्यातलं शिकवण्याचं अंग फार मोलाचं वाटतं. थोडंफार शिकलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी सगळं वैद्यक शिकवायला घेतलं नाही. बाळाचा पहिला महिना, एवढाच विषय. वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि तेव्हा काय करायचं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जे निष्कर्ष छापून आले, त्यांनुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. विषय अरुंद होता म्हणून तो पूर्ण शिकवता आला, आणि पूर्ण शिकवला म्हणून त्याचा परिणाम मोजता आला. ‘संगणक शिका’, ‘शेती शिका’, ‘व्यवसाय करा’ असल्या ऐसपैस नावांचे कोर्स पाहिले की मला त्या आरोग्यदूत बायकांची आठवण होते.

बांबूचंही तसंच आहे. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, वस्तू करायला तिथे हात धरून शिकवतात. विणकाम मोबाइलवर शिकवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण सुरीचा कोन डोळ्यांनी पाहून हातात उतरत नाही. पण दिवा किंवा टोपली नागपुरातल्या दुकानात गेली आणि सहा महिन्यांत तिच्यातून पिठासारखा भुसा गळू लागला, की ऑर्डर संपली. बांबू कधी तोडायचा, त्यातली साखर कशी कमी करायची, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात तो कसा भिजवायचा, वाळवायचा कुठे, पावसाळ्यात माल ठेवायचा कसा, हे मात्र बोलून आणि दाखवून नीट सांगता येतं. ‘बांबूला कीड लागू नये म्हणून’ एवढ्याच नावाचा कोर्स काढा. बचत गट त्याचे पैसे देतील.

आता थोडं वेगळ्या बाजूनं बघू. आपल्याकडचं ज्ञान आणि बाहेरच्याचा पैसा, असाही मेळ बसतो. बाहेरगावचे शिक्षक, नर्स, बँकेचे कर्मचारी, वनरक्षक दरवर्षी भामरागड-एटापल्लीकडे बदलून येतात. समोरची बाई बाळाला काय होतंय ते सांगत असते आणि यांना एक शब्द कळत नाही. १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताईंनाही आधी माडिया भाषा शिकावी लागली. आज त्यांच्याइतकी वर्षं कोणी इथे काढणार नाही, पण ‘कामापुरती माडिया’ वीस धड्यांत शिकवता येईल : दवाखान्यातली, शाळेतली, बँकेच्या खिडकीवरची. शिकणारा पगारदार आहे, त्याला फी जड नाही. यात माझी एक अट आहे. शिकवणारा आवाज माडिया माणसाचाच असावा आणि पैसाही त्याच्याच घरी जावा. सिरोंच्यातली तेलुगू आणि मुलचेरातली बंगाली यांनाही हे लागू आहे.

तसेच ताडोब्याचे गाइड. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांवरच्या मुलांना जंगल जे सांगतं ते पुस्तकवाल्यांना सांगत नाही. पर्यटक वाघ बघून जातो. वाघ यायच्या आधी वानर कसं ओरडलं, चितळानं पाय कसा आपटला, ते फक्त गाइडनं टिपलेलं असतं. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, हातही रिकामे असतात. त्या तीन महिन्यांत शहरातल्या शाळांसाठी आणि कुटुंबांसाठी मराठीतून जंगल ऐकायला शिकवणारा वर्ग या मुलांनी जरूर चालवावा.

पैशाची गोष्ट निघाली आहे तर ज्ञान कोणाचं, हेही बोललं पाहिजे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३मध्ये आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं जपल्या आणि त्यातून एचएमटी धान उभा राहिला. तो तांदूळ आज कितीतरी घरांत शिजतो. पुरस्कार मिळाले, पण बियाण्याच्या त्या प्रचंड व्यवहारातला वाटा दादाजींना मिळाला नाही. २०१८ साली ते गेले तेही ओढगस्तीतच. तेव्हा एखाद्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, गायकाच्या ज्ञानावर तुम्ही कोर्स उभा करणार असाल, तर त्याचं नाव आणि त्याचा हिस्सा पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्या. आणि गावातल्या वैदूची औषधं हा विषय ग्रामसभेच्या संमतीशिवाय उचलूच नका. २००२चा जैवविविधता कायदा गावाच्या अशा ज्ञानाला मान देतो. शिवाय फोनवर ऐकून मुळी उगाळणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणी घ्यायची?

विषय मनात ठरला की लगेच चित्रीकरणाला लागू नका. आधी तो विका. पाच ग्रामसभांत किंवा पाच गटांत जा, काय शिकवणार ते सांगा आणि आगाऊ निम्मी फी मागा. ‘छान आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ठराव करून पैसे देणारे तीन भेटले तरी विषय खरा आहे असं समजा. एकही भेटला नाही, तर त्यांना विचारा की मग तुमचं अडतं कुठे. पुढचा विषय बहुधा तिथेच निघतो.

आणि टॉवरचा विचार सुरुवातीलाच करा. आपल्या कितीतरी गावांत रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. ठरलेल्या वेळेला थेट वर्ग तिथे चालणार नाही. दहा-दहा मिनिटांचे आवाजाचे धडे करा. व्हॉट्सअॅपवर पाठवले की आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी आलेला माणूस ते उतरवून घेईल आणि घरी ऐकेल. सोबत छापील वही द्या, तीत करारांचे आणि नोंदींचे कोरे नमुने असू द्या. तेंदूची बॅच जानेवारीत घ्या, खुटकटाईच्या, म्हणजे झुडपांच्या छाटणीच्या, आधी. धानाची घ्यायची तर परे टाकायच्या आधी, मे महिन्यात. फी ठरावानं आणि धनादेशानं घ्या, पावती द्या. पहिल्या हंगामाचा हिशेब मिटेपर्यंत त्या सचिव मुलांचे फोन तुम्हाला येत राहतील. त्या फोनांची किंमत फीमध्ये आधीच धरलेली असू द्या.