पगारपत्रकावरील सही

(द्वारका, नवी दिल्ली येथे आस्थापना व लेखा शाखांत काम करणाऱ्यांपुढे दिलेले भाषण)



ज्या वसाहतीत आज आपण जमलो आहोत ती पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखली जाई. याच द्वारकेच्या तेविसाव्या सेक्टरमध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे राष्ट्रीय विदा केंद्र आहे. ‘क्लाउड’ हा शब्द कानी पडला की काहीतरी अधांतरी, आभाळातले डोळ्यांपुढे येते; म्हणून आरंभीच या इमारतीची आठवण करून देतो. विदा कोठेही ठेवली तरी तिला भिंती असतात, दार असते, दाराला कुलूप असते आणि त्या कुलपाची किल्ली कोणाच्या तरी कमरेला असते. आजचे माझे बोलणे या किल्लीविषयी आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आस्थापनांत हजेरीपट, रजेचा हिशेब आणि पगारपत्रक आता स्वतःच्या कपाटात राहिलेले नाही. ते भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, दूरच्या कोणत्या तरी संगणकावर असते. आता तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ जोडावा, म्हणजे महिनाअखेरची धावपळ संपेल, असे सुचविले जात आहे. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि डोळे मिटून स्वीकारण्यासारखीही नाही.

पगार यंत्राकडे सोपविणे नवे नव्हे. लंडनमध्ये चहाची दुकाने चालविणाऱ्या लायन्स या कंपनीने १९५१ मध्ये ‘लिओ’ नावाचा संगणक चालू केला, आणि त्याला दिलेल्या आरंभीच्या कचेरीकामांत पगाराचा हिशेब होता. परंतु ते यंत्र सांगितले तेवढेच करी. बारा टक्के म्हटले की बारा टक्के. एजंटची जात वेगळी आहे. तो अर्ज वाचतो, त्याचा अर्थ लावतो, आणि पुढे काय करायचे ते काही अंशी स्वतः ठरवितो.

हे कसे घडते ते थोडक्यात सांगतो. पगाराच्या सॉफ्टवेअरला आपल्याला दिसणाऱ्या पडद्याखेरीज आणखी एक खिडकी असते. दुसऱ्या प्रणालीने तेथे ठरावीक नमुन्यात मागणी करावी आणि ठरावीक नमुन्यात उत्तर न्यावे. तिला एपीआय म्हणतात. या खिडकीवर कोणकोणती कामे होऊ शकतात त्यांची यादी एजंटच्या हाती दिलेली असते : अमक्याची हजेरी वाचणे, तमक्याची रजा नोंदविणे, पगारपत्रकाचा मसुदा करणे. आपण साध्या भाषेत काम सांगतो. त्यावरून कोणते काम आधी घ्यायचे हे तो ठरवितो, खिडकीवर मागणी करतो, उत्तर वाचतो आणि पुढचे पाऊल टाकतो. अशा जोडणीसाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे प्रत्येक वेळी नवा सांधा घडविण्याचे श्रम पुष्कळ कमी झाले. सांधा जुळविणे सोपे झाले, पण किल्ली कोणती द्यायची हा प्रश्न मात्र जसाच्या तसा उरला.

खिडकीवर ओळख पटविण्यासाठी ‘टोकन’ दाखवावे लागते. घाईच्या कचेरीत काय होते? मुख्य लेखापालाचेच अधिकार एजंटला देऊन टाकतात, कारण त्यात अडचण सर्वांत कमी. मग एजंटने केलेली प्रत्येक नोंद लेखापालाच्या नावे पडते, आणि वर्षभराने कोणी विचारले तर ती माणसाने केली की यंत्राने, हे सांगता येत नाही. एजंटला त्याचे स्वतःचे खाते असावे, वेगळ्या नावाने, आणि लेखापालाच्या अधिकारांहून पुष्कळ कमी अधिकारांचे. आरंभी त्याला केवळ वाचू द्यावे. नंतर मसुदा करू द्यावा. बँक खाते बदलणे आणि रक्कम पाठविणे ही कामे त्याच्या यादीतच नसावीत. ‘हे करू नकोस’ असे यंत्राला बजावणे आणि ते करण्याची सोयच न ठेवणे, यांत तोंडी ताकीद आणि लोखंडी तिजोरी यांच्याइतके अंतर आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कामगाराचे निधीसाठी धरलेले मासिक वेतन १५,००० रुपये आहे. बारा टक्क्यांनी त्याचे १,८०० कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, त्यातील ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, निवृत्तिवेतनाकडे जातात आणि उरलेले ५५० निधीत. आता त्याने तीन दिवसांच्या रजेचा अर्ज केला. रजा शिल्लक होती. पण अर्जातील वाक्य संदिग्ध होते आणि एजंटने ती बिनपगारी धरली. तीस दिवसांच्या महिन्यात वेतन १३,५०० वर आले. कामगाराची वर्गणी १,६२० झाली, निवृत्तिवेतनाचा हिस्सा १,१२५ आणि निधीचा ४९५. निधी संघटनेला पाठवावयाच्या फाइलीत प्रत्येक माणसामागे अकरा रकाने असतात; वर्गणी न भरलेल्या दिवसांच्या रकान्यात तीनचा आकडा बसला. बेरीज बिनचूक, फाइल बिनचूक, केवळ माणसाचे दीड हजार रुपये गेले. गणिताची चूक बेरजेत सापडते. अर्थ लावण्यातील चूक कोणत्याही बेरजेत सापडत नाही.

याहून गंभीर धोका आहे तो कागदातून येणाऱ्या हुकमाचा. आपल्या कचेरीतला साधा कारकूनही टपालात आलेले पत्र आणि त्यावर साहेबांनी मारलेला शेरा यांतला भेद जाणतो. पत्रात ‘माझे पैसे या दुसऱ्या खात्यात पाठवा’ असे लिहिले असले, तरी शेरा पडेपर्यंत तो हलत नाही. एजंटपुढे मात्र पत्र आणि शेरा दोन्ही शब्दांच्या एकाच प्रवाहातून येतात. एखाद्याने अर्जाच्या तळाशी, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत, एजंटला उद्देशून हुकूम लिहून ठेवला, तर तो अर्जाचा भाग न मानता हुकूम म्हणून पाळला जाण्याची शक्यता असते. यावर संपूर्ण इलाज आजतरी कोणाला सापडलेला नाही. म्हणूनच बाहेरचे कागद वाचणाऱ्या एजंटच्या हाती पैशाची किल्ली नको.

‘अखेर माणूस सही करणारच आहे, मग भीती कशाची?’ असे यावर विचारले जाते. या सहीविषयी मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी महाराष्ट्रातून दिल्लीत नोकरीसाठी आलो, आणि एका कार्यालयात पगारपत्रके तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्याचे नाव सांगत नाही. तेथे सोलापूरकडची एक सफाई कामगार होती. आपल्याकडची चाल तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतर मुलीचे केवळ आडनाव बदलत नाही, मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी पतीचे येते, आणि कधी कधी पहिले नावसुद्धा. मधल्या काळात ठेकेदार बदलला. नव्या यादीत ती सासरच्या नावाने आली, जुन्या खात्यात माहेरच्या नावाने राहिली. कागदोपत्री दोन बायका झाल्या. पुढे मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी तिने निधीतून रक्कम मागितली, तेव्हा नावे जुळेनात. पैसे तिचे होते, तिच्याच घामाचे होते, आणि ते तिला वेळेवर मिळाले नाहीत. तिने हातउसने काढले, ते फेडायला तिला फार दिवस लागले.

त्या नव्या यादीवर सही माझी होती. यादीत तीनशेंवर नावे होती, तारीख सहा होती, आणि सातला पगार वाटायचा होता. मी पाने उलटली आणि सही केली. यंत्राचा तेथे काही संबंध नव्हता.

तेव्हा सही माणसाची आहे एवढ्याने काही साधत नाही. ती करणाऱ्याला पाहायला काय दिले आणि पाहायला वेळ किती दिला, हे महत्त्वाचे. आणि येथे, माझ्या मते, एजंटचा खरा उपयोग आहे. तीनशे ओळी समोर टाकण्याऐवजी त्याने मला बाराच दाखवाव्यात : गेल्या महिन्याहून ज्यांचा पगार बदलला ते, नव्याने आलेले, खाते बदललेले, आणि जन्मतारीख तीच पण नाव वेगळे अशी जोडी. प्रत्येकीपुढे कारण लिहावे आणि ज्या अर्जावरून ते काढले तो अर्ज जोडावा. असा एजंट त्या दिवशी माझ्या टेबलावर असता, तर ती जोडी कदाचित माझ्या नजरेस पडली असती. २०१४ पासून एका माणसाला नोकरी बदलली तरी तोच सार्वत्रिक खाते क्रमांक देण्याची व्यवस्था झाली, त्याने ही अडचण पुष्कळ हलकी झाली. नावांचा घोळ मात्र अद्याप सरलेला नाही.

दुसरा उपयोग कामगाराच्या बाजूचा. ‘या महिन्यात माझे चारशे कमी का?’ हा प्रश्न विचारायला रात्रपाळीच्या माणसाला आपली खिडकी कधीच उघडी सापडत नाही. एजंट त्याला त्याच्या भाषेत, कोणत्याही वेळी उत्तर देऊ शकेल. मात्र तेव्हा एजंटने कचेरीची किल्ली वापरता कामा नये, विचारणाऱ्याची वापरावी. नाहीतर थोड्या चतुराईने शेजाऱ्याचा पगारही विचारून घेता येईल. शिवाय, पगार, आधार आणि बँक खाते यांची माहिती एजंटमागच्या कंपनीकडे जाते की काय आणि तेथे किती काळ राहते, हे करारात लिहून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी जबाबदारी आपलीच राहते.

कॅनडात २०१६ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी ‘फीनिक्स’ नावाची नवी पगारप्रणाली आणली. तीत एजंट वगैरे काही नव्हते. पण ती येण्याआधीच खात्याखात्यांतील अनुभवी पगार-कारकुनांची शेकडो पदे काढून टाकली होती आणि पुष्कळसे काम मिरामिची या एका गावी एकवटले होते. हजारो नोकरांना कमी पगार मिळाला, काहींना जास्त, काहींना मिळालाच नाही. आणि चूक ओळखू शकणारी माणसे घरी गेलेली होती. एजंट आला म्हणून आपल्या शाखेतील जुन्या कारकुनाची जागा भरू नये, असा प्रस्ताव तुमच्यापुढे आला, तर ही हकिकत टिपणीत अवश्य जोडावी.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठविली आहे : पंधरा तारखेच्या आत निधीचे चलन भरावे लागते, ती फाइल एजंटने परस्पर चढवावी काय? माझे उत्तर असे. फाइल त्याने तयार करावी, अकरा रकाने ताडून पाहावेत, तफावत असेल तर दाखवावी. तीन महिने त्याचा हिशेब आणि तुमचा हिशेब शेजारी शेजारी ठेवावा. फाइल चढविण्यासाठी लागणारा पासवर्ड मात्र तुमच्याकडेच राहू द्यावा, आणि ते काम चौदा तारखेच्या संध्याकाळी न करता दहा तारखेच्या सकाळी करावे. उरलेल्या चिठ्ठ्या आता क्रमाने घेऊ.