तक्रारीचे वजन



मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर, कायद्याचे पुस्तक एका हाताशी आणि शब्दकोश दुसऱ्या हाताशी ठेवून शिकलो. वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली घातली. त्या प्रथेतल्या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी पात्रता एवढीच, की गेली तीस वर्षे मी तक्रारी लिहीत आलो आहे. कोणी लाकूड तासतो, कोणी कपडे शिवतो, मी तक्रार लिहितो. तेव्हा आज माझ्याच धंद्याविषयी चार शब्द बोलावेत असे ठरवले.

किन्हवलीत मला ओळखणारी माणसे संध्याकाळी कोरा कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊ, जरा कडक अर्ज लिहून द्या." कडक या शब्दावर जोर. एकदा एक गृहस्थ आले. शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे चारला आरवतो. अर्जाचे पहिले वाक्य त्यांनी घरूनच तयार करून आणले होते : 'सदर कोंबड्यामुळे आमच्या कुटुंबास जगणे अशक्य झाले आहे.' मी विचारले, "या घरात तुम्ही किती वर्षे राहता?" म्हणाले, "बावीस." मी म्हटले, "इतकी वर्षे इथे कोंबडा नव्हता?" ते म्हणाले, "होता ना, पण तो आमचा होता."

दुसरे एक जण आले. शेजाऱ्याच्या पागोळ्या त्यांच्या भिंतीवर पडत होत्या आणि अर्जात घर कोसळण्याची भीती होती. जाऊन पाहिले तर हातभर ओल होती. पत्र्याची एक पन्हळ लावली असती तर काम भागले असते. तिसऱ्या घरी शेजारीण अंगणात सुकट वाळवीत होती, तर अर्जात गावभर रोगराई पसरली होती!

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. फ्रान्सच्या ओलेराँ बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला. फिर्यादींचे त्या बेटावरचे घर सुट्टीपुरते होते. सप्टेंबर 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि फिर्यादींनाच भरपाई द्यावी लागली. पुढे 2021 मध्ये फ्रान्सने कायदाच केला, की खेड्यातले आवाज आणि वास हा त्या खेड्याचा वारसा आहे. शहरातून मोकळ्या हवेसाठी गावात घर बांधायचे आणि मग गाव गावासारखे का वागते म्हणून अर्ज करायचा, हे आता आपल्या बाजूलाही दिसू लागले आहे. म्हणून ही गोष्ट सांगितली.

पण मी केवळ हसण्यासाठी उभा नाही. माणूस तक्रार फुगवतो तो खोटारडा असतो म्हणून नव्हे. साध्या भाषेत सांगितले तर कचेरीत कोणी मान वर करीत नाही, हा त्याचा अनुभव असतो. मूल हळू रडले तर आई हातातले काम टाकीत नाही, म्हणून ते टाहो फोडायला शिकते. मात्र गल्लीतली सगळीच मुले टाहो फोडू लागली, की खरोखर विंचू कोणाला चावला हे कळेनासे होते. अर्ज वाचणारा कारकूनही शिकतो. सोळा आण्यांची तक्रार तो चार आण्यांत मोजू लागतो. मग ज्याची तक्रार खरीच सोळा आण्यांची आहे, त्याच्याही पदरात चारच आणे पडतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. 1998 सालची गोष्ट. आमच्या भागातल्या एका कारखान्यात मी नवाच पुढारी झालो होतो. आपली ताकद दिसावी म्हणून मी एकोणीस मागण्यांचे निवेदन लिहिले. चहा गार असतो, संडासाची कडी तुटली आहे, पंखा कुरकुरतो, मुकादम मोठ्याने बोलतो. प्रत्येक कलमाला मी भारी शब्द जोडले. मुकादमाचा आवाज 'अमानुष' होता आणि चहा 'जीवघेणा' होता. सतराव्या कलमात लिहिले होते, की तीन नंबरच्या प्रेसचे संरक्षक झाकण तुटले आहे आणि त्यामुळे जीवघेणी परिस्थिती निर्माण झाली आहे. साहेबांनी पहिले पान वाचले, हसले आणि कागद खणात टाकला.

तीन आठवड्यांनी त्या प्रेसमध्ये एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. वय एकवीस. पाड्यावरून रोज चालत येणारा मुलगा. मी संतापाने केबिनमध्ये शिरलो आणि म्हणालो, "आम्ही लेखी कळवले होते!" साहेबांनी खणातून कागद काढला आणि म्हणाले, "तुम्ही चहालाही जीवघेणाच म्हटले होते."

यंत्राला झाकण घालणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी होती. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमात ती स्पष्ट लिहिलेली होती, तेव्हा त्यांचा दोष तसूभरही कमी होत नाही. पण माझाही दोष होता. ते एक वाक्य मी वेगळ्या कागदावर, तारीख घालून, कारखाना निरीक्षकाकडे पाठवायला हवे होते. मी ते चहाच्या कपात बुडवले. तो मुलगा आजही भेटला की डाव्या हाताने रामराम करतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागते.

त्यानंतर मी नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम वाचले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्या काळी कामगार पहाटे गिरणीत शिरे तो दिवस मावळल्यावर बाहेर पडे. अतिशयोक्तीची गरजच नव्हती, आणि रडायला कारण मात्र भरपूर होते. तरी मागण्या पाहा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. प्रत्येक मागणी घड्याळावर किंवा पंचांगावर मोजता येईल अशी. 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळाली. आपण आज रविवारी निवांत झोपतो आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याला शिव्या देतो, तो रविवार असा मिळालेला आहे.

कोणी म्हणेल, मग लहान त्रास सोसतच राहावे काय? मुळीच नाही. घरात आजारी माणूस असताना मध्यरात्री दारात कर्णे वाजत असतील तर तो त्रास लहान नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातल्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकते, एवढेच. इथे कायदा तुमच्या बाजूला आहे. 'कानाचे पडदे फाटले' असे लिहू नका. 'अमुक तारखेला रात्री साडेअकरापर्यंत' असे लिहा. तारीख आणि वेळ ही विशेषणांपेक्षा जड असतात.

माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांना मी आता तीन गोष्टी सांगतो. पहिली, अर्जाआधी शेजाऱ्याच्या दारात जा आणि तेही राग उतरल्यावर. पागोळ्यांचा तंटा पन्हळीच्या निम्म्या खर्चात मिटतो, पण एकदा अर्ज गेला की तो नातवंडांपर्यंत चालतो. दुसरी, जे मोजता येते तेवढेच लिहा. तिसरी, एका कागदावर एकच तक्रार.

आता शेवटचे. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा धरण 1892 मध्ये पुरे झाले. भातसाही इथलेच. मुंबईला पाणी देणाऱ्या जलाशयांच्या साठ्यात एकट्या भातसाचा वाटा निम्म्याच्या जवळपास आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. ही तक्रार अशी आहे, की तिच्यात फुगवायला जागाच नाही. पण कोंबड्याच्या अर्जावर सह्या मागितल्या तर आळी धावून येते आणि पाण्याच्या अर्जावर मागितल्या तर माणसे म्हणतात, "बघू, भाऊ." शेजारी हाताशी असतो म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो. धरण लांब असते, मंत्रालय त्याहून लांब असते. सगळा आवाज कुंपणापाशीच खर्च झाला तर तिथवर पोचणार काय?

ज्या शेजाऱ्याला आपण आज अर्जात खलनायक करतो, त्याचीच सही उद्या पाण्याच्या कागदावर लागणार आहे. ती सही मिळेल एवढा जिव्हाळा राखून भांडा, एवढीच माझी विनंती.