टर्बो गाडीचा इंधनपंप

टर्बो लावून ताकद वाढवली, की इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. पंपावर ताशी 255 लिटर लिहिलेलं असतं, पण तो आकडा ठरावीक दाबाचा आणि व्होल्टेजचा. इंधनाचा मूळ दाब 3 बार असेल आणि टर्बोने 1.5 बार बूस्ट दिला, तर रेग्युलेटर तो 4.5 बारवर नेतो. दाब चढला, की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणून पंप निवडताना 4.5 बारचा प्रवाह बघा.

वायरिंगकडे मात्र फार जण दुर्लक्ष करतात, याचं वाईट वाटतं. मागच्या टाकीपर्यंत गेलेल्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, पंप मंदावतो, पेट्रोल कमी पडतं आणि ऐन जोरात पिस्टन वितळू शकतो. बॅटरीपासून थेट जाड तांब्याची वायर न्या, बॅटरीजवळच फ्यूज लावा, पंपाजवळ रिले बसवा. जुन्या वायरीने फक्त रिले चालवायचा. अर्थची वायरही तितकीच जाड हवी.