पत्रा वाकविताना : घरच्या कारखान्यातील एक अनुभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, नाट्यसंगीत आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीस बसून आम्ही लोखंडी पत्रा कसा वाकवावा हे सांगावे, याचे काहींना नवल वाटेल. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही क्षणभर संकोचलो होतो. परंतु ज्या विषयात आमचा अधिकार नाही त्यावर पांडित्य करण्यापेक्षा, ज्यात आम्ही चुकलो आणि चुकून काही शिकलो, त्यावर बोलणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल असे वाटले.

आमचे घर गोल बाजारामागच्या एका गल्लीत आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहेच. पुढल्या दाराशी बाजाराची गर्दी. मागल्या पडवीत दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब असा आमचा छोटा कारखाना. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो मांडला. रायपूरचा उन्हाळा कसा असतो हे सांगावयास नको. कूलरची पेटी आणि तिचा तळ दर दोन-चार वर्षांनी गंजतो, आणि नवा तळ करावयाचा तर पत्रा काटकोनात वाकवावा लागतो. विजेच्या बटणांची पेटी, खिडकीवरील पत्र्याचे छज्जे, देवघरातील दिव्यामागची पाटी, या साऱ्या कामांचे मूळ त्या एका काटकोनातच आहे.

पूर्वी आम्ही तो काटकोन रुळाच्या तुकड्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकून काढीत असू. पातळ पत्र्याला हे चालते. पण ठोकलेल्या कडेवर लाटा उठतात, आणि पत्रा दीड मिलिमीटरच्या वर गेला की हात आणि हातोडा दोन्ही थकतात. यासाठी जे यंत्र वापरतात त्याला पुस्तकात प्रेस ब्रेक म्हणतात. आपल्याकडचे कारागीर त्याला सरळ बेंडिंग मशीन म्हणतात. वर धारदार पंच, खाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेली डाय, आणि दोहोंमध्ये पत्रा. पंच खाली आला की पत्रा खाचेत दबून दुमडतो. कारखान्यातले हे यंत्र काही टन वजनाचे असते. घरात मात्र एक युक्ती करता येते. बॉटल जॅकवर चालणारा साधा हायड्रॉलिक प्रेस असेल, तर त्याच्या दोन खांबांमध्ये पंच आणि डाय यांची जोडणी बसविता येते. ही जोडणी विकत घ्यावी की स्वतः करावी, हाच आजचा प्रश्न.

त्याआधी या प्रेसची शक्ती येते कोठून, ते पाहू. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आहे. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्यावर आधारलेल्या प्रेसचे पेटंट १७९५ साली घेतले. समजा जॅकमधला लहान दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि मोठा ५० मिलिमीटरचा. व्यास पाचपट, म्हणजे क्षेत्रफळ पंचवीसपट. दांड्यामुळे हाताचा जोर आणखी पंधरापट वाढतो असे धरा. मग पंचवीस किलोच्या रेट्याचे, घर्षण सोडले तर, नऊ हजार किलोंहून अधिक होतात. म्हणजे एखादे शाळकरी पोरही नऊ टनांचा भार सहज निर्माण करू शकते. आणि गोम येथेच आहे. हातोड्याचा घाव हाताला कळतो. जॅकचा भार कळत नाही. दांडा जसा पहिल्या टनाला हलतो जवळजवळ तसाच पाचव्यालाही हलतो.

हे न उमगताच आम्ही पहिली जोडणी केली. इकडे ज्याला कबाडी म्हणतात त्याच्याकडून ५० मिलिमीटरचा अँगल आणला आणि तोंड वर करून प्रेसच्या बैठकीवर नुसता ठेवला. ही झाली डाय. जाड पट्टीची एक कड घासून पंच केला. खर्च जवळजवळ नाहीच, आणि आम्हांस आपल्या कल्पकतेचा मोठा अभिमान! आमचा पुतण्या तेव्हा अकरावीत होता. सुटीत तो आमच्याकडे येई, आणि जॅकचा दांडा मारणे हा त्याचा आवडता उद्योग असे.

एके दिवशी पाच मिलिमीटर जाडीची, शंभर मिलिमीटर रुंदीची एक पट्टी वाकवावयाची होती. अँगलचा मधला भाग आधीच्या कामाने खराब झालेला, म्हणून आम्ही पट्टी एका टोकाशी ठेवली. पुतण्या म्हणाला, "काका, हे मधोमध नाही." आम्ही म्हणालो, "चालते रे, तू मार दांडा." पट्टी अर्धी वाकली, आणि अँगल तिरपा होऊन बंदुकीतून सुटावा तसा निसटला. त्याचे टोक मुलाच्या उजव्या भुवईवर बसले. तीन टाके पडले. डोळा अर्ध्या इंचाने वाचला. रात्री वहिनी आल्या, जखम पाहिली, आणि एक शब्दही न बोलता मुलाला घेऊन गेल्या. त्यांचे ते न बोलणे आम्हांस आजही आठवते. दोष कोणा दुकानदाराचा नव्हता, जॅकचाही नव्हता. तो सर्वस्वी आमचा होता.

सुमारे वर्षभर तो प्रेस झाकून ठेवला होता. पुढे पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला आणि एका रविवारी आपण होऊन पडवीत आला. आम्ही विषय टाळू लागलो, तर तोच म्हणाला, "काका, या वेळी आधी कागदावर काढू." किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रनिर्मितीकडे वळण्यापूर्वी मुंबईत यांत्रिक रेखनाचे शिक्षक होते, हे आपणांस ठाऊक असेल. लोखंडाला हात लावण्यापूर्वी पेन्सिलीला हात लावावा, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे. आम्हांस तो एका कॉलेजच्या मुलाने शिकविला.

त्या कागदावर काय निघाले ते थोडक्यात सांगतो. डायच्या तोंडाची रुंदी पत्र्याच्या जाडीच्या सुमारे आठपट असावी. तशी असता साध्या पोलादाला दर मीटर लांबीस जितके मिलिमीटर जाडी त्याच्या सुमारे आठपट टन भार लागतो. सोळा गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटरचा पत्रा ४०० मिलिमीटर लांबीवर वाकविण्यास सुमारे पाच टन. तीन मिलिमीटरच्या पत्र्यास तेवढ्याच लांबीवर साडेनऊ टनांवर. स्टेनलेस पोलादास याच्या दीडपट धरावे, मऊ ॲल्युमिनियमला निम्मे. डायचे तोंड तेच ठेवून जाडी दुप्पट केली तर भार चौपट होतो. उलट तोंड रुंद केले तर भार कमी होतो, पण वळण गोल येते, कारण वळणाची आतली त्रिज्या ही तोंडाच्या रुंदीच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी येते. आमच्या त्या अँगलचे तोंड ७० मिलिमीटर रुंद होते. कूलरच्या पातळ पत्र्यास त्यात तीक्ष्ण कड येत नव्हती ती का, याचा उलगडा तेव्हा झाला. आणि त्या दिवशीच्या पट्टीवर दोन टनांहून अधिक भार होता, हेही तेव्हाच कळले.

आणखी दोन गोष्टी. वाकविलेला पत्रा भार काढताच थोडा मागे उलगडतो; साध्या पोलादात अंश-दोन अंश, स्टेनलेसमध्ये त्याहून अधिक. म्हणून पंच आणि डाय यांचा कोन नव्वद अंशांहून थोडा कमी ठेवतात. दुसरे, दोन बाजू बाहेरून पन्नास-पन्नास मिलिमीटर हव्या असतील तर दोन मिलिमीटरचा पत्रा शंभर मिलिमीटर कापून चालत नाही. तो सुमारे चार मिलिमीटर कमी कापावा लागतो. अंदाजाने न कापता आधी त्याच पत्र्याचा एक तुकडा वाकवून मोजावे, हे उत्तम.

मग विकत मिळणाऱ्या जोडण्या पाहिल्या. हल्ली त्या घरबसल्याही मागविता येतात. चित्रात सगळ्याच सुरेख दिसतात. परंतु पाहावयाचे ते निराळेच. डाय तळाशी बोल्टने पक्की होते काय? पंच ज्या आडव्या तुळईला लावला आहे ती खांबांवर किंवा दांड्यांवर सरळ सरकते, की नुसती लोंबते? सांगितलेला भार पूर्ण लांबीवरचा आहे काय? पंच अखंड आहे की तुकड्यातुकड्यांचा? चारी बाजू दुमडलेली पेटी करावयाची असेल तर तुकड्यांचाच पंच हवा, नाही तर आधी वाकविलेल्या बाजू शेवटच्या घडीच्या वेळी अखंड पंचाला अडतात. आणि सर्वांत आधी, आपल्या प्रेसच्या दोन खांबांमधील अंतर मोजले आहे काय?

शेवटी आम्ही मधला मार्ग पत्करला. ज्यात अचूकता हवी आणि घरी येणे शक्य नाही ते विकत घेतले: कडक केलेला तुकड्यांचा पंच, आणि चार बाजूंना चार निरनिराळ्या रुंदीच्या खाचा असलेली डाय. ज्यात मजबुती हवी आणि जे समजून केले तर साधते, ते पडवीत केले: तळाची जाड पट्टी, तिला बोल्टने जखडलेली डायची बैठक, वरची तुळई, दोन बाजूंचे मार्गदर्शक दांडे आणि तुळई परत वर नेणाऱ्या दोन स्प्रिंगा. बाकीचे किरकोळ सामान बाजारातच मिळाले. पहिल्या चाचणीत कोन मध्यभागी बरोबर नव्वद आला आणि टोकांना चौऱ्याण्णव. जॅक मध्येच दाबतो, म्हणून तुळईची टोके वर वाकत होती. पट्टीची ताठरता तिच्या उभ्या उंचीच्या घनाने वाढते. उंची दुप्पट केली की ताठरता आठपट. तुळई आडवी घातली होती ती काढून अधिक उंचीची उभी पट्टी घातली, आणि टोके ताळ्यावर आली.

नियमही लिहून भिंतीवर लावले. काम नेहमी जॅकच्या मधोमध. डाय बोल्टने जखडल्यावाचून दांड्याला हात नाही. दोघांच्या डोळ्यांवर चष्मा. पत्रा धरणाऱ्याचा हात पंचाजवळ नाही, कारण वाकताना पत्र्याची बाजू वर उचलली जाते आणि बोट तिच्यात व तुळईत सापडते. शेवटचा नियम पुतण्याने आपल्या हाताने लिहिला: कोणी "थांबा" म्हटले की थांबावयाचे, मग तो वयाने कितीही लहान असो.

या मंडळाच्या ग्रंथालयासाठी पत्र्याच्या फळ्या हव्या होत्या, तेव्हा कार्यवाहांनी विश्वासाने आम्हांस विचारले होते. अठरा गेजच्या पत्र्याची ९०० मिलिमीटर लांबीची कड वाकविण्यास पावणेनऊ टन पुरतात. आमचा जॅक वीस टनांचा. तरीही आम्ही नाही म्हणालो. आमच्या खांबांमध्ये ती लांबी मावत नव्हती. जोडणी काटकोनात फिरवून ती कशीबशी बसविता आली असती, पण मग तुळईची टोके दोन्हीकडे अधांतरी राहिली असती. फळ्या भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या यंत्रावर वाकवून आणल्या. आज त्यांवर ज्ञानेश्वरी आणि दासबोध उभे आहेत, आणि कडा सरळ आहेत. विकत घ्यावे की स्वतः करावे, या प्रश्नाला असे तिसरेही उत्तर असते: काही कामे दुसऱ्याकडून करवून घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

ज्याला महिन्यातून एखादा पातळ पत्रा वाकवावयाचा आहे, त्याने बाहेरून वाकवून आणावा. ज्याला वारंवार लहान पेट्या कराव्या लागतात, त्याने पंच आणि डाय विकत घेऊन बाकीची जोडणी स्वतः करावी. वेल्डिंगचा हात बसलेला नसेल, तर मात्र संपूर्ण जोडणीच विकत घ्यावी आणि वर सांगितलेले प्रश्न विचारूनच घ्यावी. अँगल उलथा ठेवून काम भागविण्याचा मोह कोणासही होऊ नये, एवढीच आमची विनंती.

आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी, शिक्षकी आणि वकिली यांना मान मिळाला. हात काळे करण्याचे काम आपण इतरांवर सोपविले. भिलाईचा कारखाना येथून जेमतेम तीस किलोमीटरवर; तेथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. इतक्या जवळ लोखंड वितळत असता आपल्या मुलांनी ते हाताळून पाहू नये, हे आम्हांस बरे वाटत नाही. दर रविवारी सकाळी आमची पडवी उघडी असते. मंडळातील ज्या मुलामुलींना यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. येताना वही आणि पेन्सिल आणावी. चष्मे आमच्याकडे आहेत.

आमच्या पुतण्याच्या भुवईवर तो व्रण अजून आहे. वहिनी आज पुढल्या रांगेत बसल्या आहेत. पहिल्या जोडणीबद्दल त्यांची क्षमा आम्ही कधी मागितली नव्हती. ती या व्यासपीठावरून, आपणां सर्वांसमक्ष मागतो.