ताटासमोर बसलेलं कुटुंब
(आपल्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर केलेले भाषण)



आज मी हॅरिएट ब्राऊन या अमेरिकन लेखिकेच्या 'ब्रेव्ह गर्ल ईटिंग' या पुस्तकाविषयी बोलणार आहे. २०१० साली आलेलं हे पुस्तक म्हणजे तिच्याच घराची हकीकत आहे.

तिच्या १४ वर्षांच्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया झाला. हा आजार म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणंच अशक्य होणं. मुलगी हुशार, गुणी. पण ताट समोर आलं की रडायची, आईवर ओरडायची. आईनं मनाशी धरलं, की ही माझी लेक बोलत नाही, आजार बोलतोय.

या घरानं जी उपचारपद्धत धरली, ती १९८०च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये आकाराला आली. तिच्यात आईवडिलांना दोषी धरत नाहीत, उलट त्यांनाच कामाला लावतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलीनं काय आणि किती खायचं ते आईवडील ठरवतात आणि खाऊन होईपर्यंत शेजारी बसतात. इथे अन्न हेच औषध!

उपासमारीनं माणूस किती बदलतो, हे १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, डोक्यात सतत अन्नाचाच विचार. मग कोवळ्या मुलीचं काय होत असेल?

हे पुस्तक मी हाती घेतलं ते माझ्या भाचीमुळे. तिला हाच आजार झाला, तेव्हा नातेवाईक माझ्या बहिणीला म्हणाले, "लाडावून ठेवलीय. दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल." अहो, या आजारात उपाशी ठेवणं जिवावर बेतू शकतं! भाची आता सावरतेय, पण अजून पूर्ण बरी नाही.

म्हणून एक विनंती. लिफ्टमध्ये भेटलेल्या मुलीला "किती छान बारीक झालीस गं" किंवा "अंगानं भरलीस हं" असं म्हणू नका. अभ्यासाचं विचारा, मैत्रिणींचं विचारा. आणि घरातलं मूल सगळ्यांबरोबर जेवायचं टाळत असेल, ताटातलं लपवत असेल, वजन झपाट्यानं उतरत असेल, तर "वयच तसं आहे" म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे जा. आणि शेजारच्या घरात असं काही चाललं असेल, तर त्या आईला सल्ला देऊ नका. "मी काय करू?" एवढंच विचारा.